बाक, फळा आणि आज्ञापालन: शाळेवर मांडणशिल्प करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न: मी दृश्यकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवी प्रदर्शनासाठी शाळेवर मांडणशिल्प, म्हणजे खोलीभर वस्तू मांडून उभारलेली कलाकृती, करायचं ठरवलं आहे. तीस जुने बाक, फळा, टांगलेले गणवेश आणि स्पीकरवर प्रार्थना. शाळा आपल्याला निमूट ऐकायला शिकवते, हे दाखवायचं आहे. मार्गदर्शक म्हणतात, विषय घासून गुळगुळीत झालाय. जगात यावर कोणी कसं काम केलं आहे? मी विषय सोडावा का? आणि हे काम खऱ्या शाळेत लावता येईल का?

उत्तर: विषय मुळीच सोडू नका. आपल्या समाजात मूल बोलायला लागल्यापासून पहिली नोकरी लागेपर्यंत त्याचं सर्वांत मोठं कौतुक ‘ऐकतो हो आमचा’ हेच असतं. त्यामुळे हा विषय जुना होण्याची शक्यता फार कमी. तुमच्या मार्गदर्शकांना जे गुळगुळीत वाटतंय ते बहुधा बाक-फळा-गणवेश हे साहित्य असावं, आणि त्याबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे. मी बरीच वर्षं मांडणशिल्पं उभी करते आहे आणि कला महाविद्यालयात शिकवतेही आहे. त्या अनुभवावरून एकच गोष्ट नेटाने सांगेन. आज्ञापालनाचं चित्र दाखवलं की प्रेक्षक मान डोलावून पुढच्या दालनात जातो. त्याचं स्वतःचं शरीर तिथल्या तिथे आज्ञा पाळताना त्याला सापडलं, तर मात्र तो अस्वस्थ होतो. या विषयावरची जी कामं टिकली, ती बहुतेक दुसऱ्या जातीची आहेत.

आधी तुमच्या बाकांचा धोका सांगते. आपल्याकडे गॅलरीत जुने बाक मांडले की लोकांचे चेहरे खुलतात. ते बाकावर बसतात, कर्कटकाने कोरलेली नावं वाचतात, फोटो काढतात आणि वर्गमित्रांच्या गटावर पाठवतात. मराठी माणसाला शाळेची ओढ फार. दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन चाळीस वर्षांनी भरतं, आणि ज्या सरांनी हातावर वळ उठवले त्यांनाच शाल-श्रीफळ दिलं जातं. हे प्रेम खोटं नाही, म्हणूनच ते टीकेला सहज गिळून टाकतं. तुमची तीस बाकांची मांडणी या ओढीच्या हातात आयती सापडेल. स्पीकरवरची प्रार्थना तर लोक सोबत गुणगुणतील.

या अडचणीतून सर्वांत धारदार वाट तादेऊश कांतोर या पोलिश चित्रकार-दिग्दर्शकाने काढली. 1975 साली क्राकूवमध्ये त्याने आपल्या क्रिको 2 या नाटकमंडळीसोबत ‘मृत वर्ग’ हा प्रयोग केला. रंगमंचावर लाकडी बाकांच्या रांगा, आणि त्यांत काळ्या कपड्यांतली म्हातारी माणसं. ती विद्यार्थ्यांसारखी बोटं वर करतात, काहीतरी मागतात. पुढे तीच माणसं अंगावर मुलांचे पुतळे वाहून आणतात. ते पुतळे म्हणजे त्यांचं स्वतःचं बालपण, निर्जीव आणि जड. कांतोर स्वतः प्रयोगभर रंगमंचावर उभा असे आणि हाताच्या इशाऱ्यांनी नटांना हलवत असे. यात आठवण आहे, पण तिच्यात गोडवा शिल्लक राहत नाही, कारण लहानपण इथे पाठीवरचं ओझं म्हणून येतं. तुम्ही बाक वापरणारच असाल तर कांतोरचा हा निर्णय नीट अभ्यासा. बाक जसाच्या तसा, पण त्यावर बसणारा चुकीच्या वयाचा. एवढ्या एका बदलाने सगळा अर्थ फिरतो. या प्रयोगाचं चित्रीकरण उपलब्ध आहे, ते अवश्य पाहा.

सोव्हिएत संघात वाढलेला कलाकार इल्या काबाकोव याने हाच गोडवा उलट बाजूने हाताळला. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या मार्फा गावी, चिनाती फाउंडेशन या कलासंस्थेच्या आवारातल्या एका जुन्या लष्करी बराकीत त्याने 1993 मध्ये ‘शाळा क्र. 6’ हे काम केलं. ओस पडलेली सोव्हिएत शाळा, विखुरलेल्या वह्या-कागद, धूळ. रिकामी जागाच तिथे बोलते. पण त्यासाठी काबाकोवकडे अख्खी इमारत होती आणि वर्षांमागून वर्षं होती. तुमच्याकडे एक खोली आणि काही दिवस आहेत, तेव्हा हा मार्ग तुम्हाला परवडणारा नाही.

आता चित्रांकडे येते, कारण आज्ञापालनाचं नुसतं चित्र काढणंही काही वेळा प्रचंड ताकदीचं ठरतं. जपानचा तेत्सुया इशिदा 2005 साली वयाच्या 31 व्या वर्षी गेला. जपानची आर्थिक भरभराट ओसरल्यानंतरच्या काळात त्याने ऐन उमेदीची दहाएक वर्षं रंगवलं. त्याच्या 1998 च्या एका चित्रात साधा वर्ग आहे. विज्ञानाचा तास चालला आहे आणि ओळीत बसलेल्या मुलांपैकी काही जण सूक्ष्मदर्शक होऊन गेलेत. धड यंत्राचं, चेहरा मुलाचा. पुढच्या वर्षीच्या ‘कैदी’ या चित्रात शाळेच्या इमारतीत एक अवाढव्य मुलगा चिणला गेलाय. भिंती जणू त्याच्या अंगाला घट्ट बसलेला सदरा. इशिदाच्या चित्रांतला तो एकच चेहरा बघत राहा. तो रडत नाही, ओरडत नाही. यंत्र होण्याला त्याची हरकतही दिसत नाही. आपले बहुतेक विद्यार्थी या विषयावर चित्र काढतात तेव्हा मुलाला बेड्या घालतात, तोंडाला कुलूप लावतात, डोळ्यांत पाणी आणतात. मग मूल बळी ठरतं, शाळा खलनायक ठरते आणि गोष्ट संपते. इशिदाला कळलं होतं की आज्ञापालनाचा खरा चेहरा शांत असतो.

हाच शांत चेहरा आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलाय, स्टेशनरीच्या दुकानात टांगलेल्या ‘आदर्श बालक’ तक्त्यावर. पहाटे उठतो, आईवडिलांना नमस्कार करतो, दात घासतो, वेळेवर जेवतो, मन लावून अभ्यास करतो. प्रकल्पाच्या वहीत चिकटवायला आपण हीच चित्रं कापली. मुंबईच्या प्रियेश त्रिवेदी या चित्रकाराने 2014 च्या सुमारास याच शैलीत नवी चित्रं काढायला घेतली आणि ती समाजमाध्यमांवर झपाट्याने पसरली. तोच भांग पाडलेला मुलगा, तीच इस्त्रीची अर्धी चड्डी, तेच सपाट रंग, पण आता तो निवांतपणे नशेची सिगारेट वळतोय. माझ्या मते या मालिकेची खरी करामत नियम मोडण्यात नाही. नियम मोडतानाही मुलाच्या चेहऱ्यावरची आज्ञाधारक शांती जराही ढळत नाही, ती पाहून मूळ तक्ता किती विचित्र होता हे आपल्याला पहिल्यांदा जाणवतं. मर्यादाही सांगायला हवी. हसू एकदा येऊन गेलं की बंडखोर मुलगा हासुद्धा एक तक्ताच होतो. या वाटेने जायचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या चित्रानंतर तुम्ही कुठे जाणार हे आधी ठरवा.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे प्रेक्षकाच्या शरीराकडे. इटलीच्या मौरित्सिओ कातेलानचं 1997 मधलं एक शिल्प आहे. दालनात एक मुलगा पाठमोरा बाकावर बसलाय, डोक्यावर स्वेटशर्टची टोपी. शिक्षा झालेल्या किंवा एकट्या बसवलेल्या मुलाकडे जावं तसे आपण त्याच्याकडे जातो. वळसा घालून समोर आल्यावर दिसतं की त्याच्या दोन्ही तळहातांतून पेन्सिली आरपार जाऊन त्याला बाकाला खिळवलंय. ही प्रतिमा भडक आहे आणि मला ती पूर्ण पटत नाही. पण वळशाची रचना पाहा. पाठमोऱ्या, गप्प बसलेल्या मुलाला पाहून आपल्याला ‘गुणी आहे’ असं वाटतं, आणि त्या वाटण्याची किंमत चार पावलांनंतर वसूल होते.

अमेरिकन कलाकार जॉन बाल्देसारीचं काम याहून साधं आणि माझ्या मते याहून खोल आहे. 1971 मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या नोव्हा स्कॉशिया कला महाविद्यालयाने त्याला प्रदर्शनासाठी बोलावलं. त्याला प्रत्यक्ष बोलावण्याइतके पैसे नव्हते, म्हणून त्याने फक्त सूचना पाठवली. विद्यार्थ्यांनी गॅलरीच्या भिंतींवर एकच वाक्य शिक्षेसारखं पुन्हा पुन्हा लिहायचं: ‘मी यापुढे कंटाळवाणी कला करणार नाही.’ मुलांनी भिंती वरपासून खालपर्यंत भरून काढल्या. म्हणजे कंटाळवाणेपणाविरुद्धची प्रतिज्ञा त्यांनी जगातल्या सर्वांत कंटाळवाण्या पद्धतीने, न आलेल्या शिक्षकाच्या हुकमावरून घेतली. बंडाचं वाक्यसुद्धा हुकमाने लिहून घेता येतं, हे त्या भिंतींवर कायमचं नोंदलं गेलं. शाळेत ‘मी वर्गात बोलणार नाही’ शंभर वेळा लिहिलेल्या कोणालाही हे काम समजावून सांगावं लागत नाही.

क्यूबाच्या तानिया ब्रुगेराने 2008 साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये घोड्यांवर बसलेले दोन खरे पोलीस आणले. गर्दी आवरण्याच्या त्यांच्या नेहमीच्या कवायती त्यांनी संग्रहालयात आलेल्या लोकांवर केल्या. मागे सरका, इकडे या, दोन गट करा. ही कलाकृती आहे असं लोकांना आधी सांगितलेलं नव्हतं. लोक सरकले. संग्रहालयात, सुट्टीच्या मूडमध्ये, कुठलंही कारण न विचारता सरकले. घोड्याच्या अंगाची ऊब आणि उंची समोर आली की पाय आपोआप मागे जातात, आणि पाय मागे गेल्यानंतर डोकं कारण शोधतं. शाळेची घंटा याच क्रमाने काम करते. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी 2004 मधल्या एका संवादी व्हिडिओत लष्करी छापाच्या कपड्यांतल्या आकृत्या कवायत केल्यासारख्या एकमेकींचं अनुकरण करताना दाखवल्या, आणि त्यांना हलवणारा माऊस प्रेक्षकाच्या हातात दिला. तिथे आज्ञा देण्याची गोडी आपल्याला लागते, तीही तितकीच बोचते.

तुमच्या कामाबद्दल मला एक गोष्ट फार तळमळीने सांगायची आहे. शाळेकडे बोट दाखवण्याआधी तुम्ही स्वतः चित्रकला कशी शिकलात ते पाहा. महाराष्ट्रात लाखो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमधून जातात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. या विषयांची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत. इंग्लंडच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये घडलेली चित्रकलाशिक्षणाची पद्धत 1857 मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून इथे रुजली. नमुन्याबरहुकूम हात चालवणारा कुशल कारागीर आणि आरेखक घडवणं हा तिचा मोठा हेतू होता. त्या पद्धतीने उत्तम हात घडले, हे मी नाकारत नाही. माझाही हात तिथेच घडला. पण आज स्मरणचित्राच्या शिकवणीत मुलांना जत्रेचं किंवा बसथांब्याचं तयार चित्र पाठ करायला लावतात आणि मुलं ते ‘स्मरणातून’ उतरवतात, वर दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. त्याआधी बालवाडीपासून दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड असतंच. समुद्राकाठच्या मुलानेही डोंगर काढायचे आणि चाळीतल्या मुलाने झोपडी. आज्ञापालनाचा आपल्या मातीतला याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही, आणि तो तुमच्या स्वतःच्या जुन्या वह्यांत पडलेला आहे. मी तुमच्या जागी असते तर बाक भंगारवाल्याला परत दिले असते आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडून डोंगर-सूर्याची चित्रं गोळा करायला लागले असते. वय सात ते सत्तर. आता कागद द्या, निसर्गचित्र काढायला सांगा आणि दुसरं काहीही बोलू नका. किती जण न सांगता डोंगर काढतात ते पाहा.

दुसरी गोष्ट. तुमच्या आराखड्यात तीस बाक सारखेच आहेत. आपल्या देशात वर्ग कधीच तसा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे आणि शिपाई नसला तर पाण्याविना राहावं लागे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. युरोपातला कलाकार शाळेला साचा म्हणतो तेव्हा त्याला सगळी मुलं एकसारखी होण्याची भीती असते. आपल्याकडे शाळेने कित्येकांना एकसारखं होऊच दिलं नाही, आणि त्याच शाळेचं दार उघडावं म्हणून 1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दगड-शेण झेललं. ज्या घरात शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घरातला गणवेश हा तुरुंगाचा पोशाख नसतो. तुम्ही टांगलेल्या गणवेशांकडे अशा घरातली आई काय म्हणून पाहील, याचा विचार केल्याशिवाय एकही हँगर लावू नका. शाळेवरची टीका आणि शाळेची भूक या दोन्हींना तुमच्या कामात जागा हवी. पाश्चात्त्य उदाहरणं यात तुमच्या कामी येणार नाहीत, ही वाट तुम्हालाच काढावी लागेल.

काही कलाकारांनी टीका करता करता शाळाच काढली, तेही माहीत असू द्या. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्यांना तिथे शिकवणाऱ्या योझेफ बॉइस या कलाकाराने आपल्या वर्गात घेतलं, त्यांच्यासह कार्यालयात ठाण मांडलं आणि 1972 मध्ये नोकरी गमावली. पुढच्या वर्षी त्याने मुक्त आंतरराष्ट्रीय विद्यापीठाची स्थापना केली. ब्रुगेराने हवानामध्ये 2002 ते 2009 या काळात वर्तनकलेचा, म्हणजे माणसांचं वागणं हेच माध्यम मानणाऱ्या कलेचा, अभ्यासवर्ग चालवला. अशी उदाहरणं पाहिली की मला आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही त्यांची कुरणशाळा. त्यांनी तिला कला म्हटलं नाही आणि आपणही म्हणायची गरज नाही. पण मुलाने शाळेच्या रांगेत बसावं की शाळेने मुलाच्या वाटेवर यावं, हा प्रश्न त्यांनी कुठल्याही मांडणशिल्पापेक्षा थेट सोडवला होता. तुमच्या टिपणात संदर्भ द्यायचाच असेल तर बॉइसच्या शेजारी त्यांना बसवा.

मुलांना कामात घेणार असाल तर फार जपून. शिक्षेच्या आठवणी कॅमेऱ्यासमोर सांगायला मुलांना बसवू नका. तिथेही मोठ्याने विचारायचं आणि मुलाने उत्तर द्यायचं, हेच नातं पुन्हा उभं राहतं. फिनलंडच्या पिल्वी ताकाला हिने 2013 मध्ये पूर्व लंडनमधल्या आठ ते बारा वर्षांच्या मुलांच्या एका गटाला आपल्या पुरस्कारातले सात हजार पौंड दिले आणि काय करायचं ते तुम्हीच ठरवा म्हणून सांगितलं. मुलांनी चर्चा, मतदान करून हवा भरलेलं, उड्या मारायचं ‘पंचतारांकित’ घर बनवायचं ठरवलं. ताकालाने तो निर्णय मानला, हे महत्त्वाचं. मुलांना विचारायचं असेल तर त्यांचं उत्तर तुमच्या कल्पनेविरुद्ध गेलं तरी तुम्ही बांधील राहणार का, हे आधी स्वतःशी ठरवा. पालकांची लेखी संमती घ्या, चेहरे आणि नावं दाखवू नका आणि मुलाने मध्येच नको म्हटलं तर ते अंतिम माना. पोलंडच्या आर्तुर झ्मियेव्स्कीने 2005 मध्ये काहींना पहारेकरी आणि काहींना कैदी बनवून त्यांचं वागणं पाहणारा स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग प्रौढ माणसांवर पुन्हा करून चित्रित केला, तेव्हा सहभागी लोकांनीच तो मिळून थांबवला. थांबण्याचा हा हक्क त्या कामाचा गाभा ठरला. लहान मुलांना तो आपल्यालाच शब्दांत सांगून द्यावा लागतो.

तुमच्या खोलीपुरतं बोलायचं तर मी एवढंच करेन. बाक ठेवायचेच असतील तर पहिलीच्या मुलांचे ठेवा, म्हणजे मोठ्या माणसाचे गुडघे अडकतील आणि त्याला आठवणीत रमता येणार नाही. प्रार्थना काढून टाका, घंटा ठेवा, ठराविक अंतराने वाजणारी. तिचा अर्थ कुठेही लिहू नका. दारात पायताण काढायला सांगणारी पाटी, आत उजव्या बाजूने चालायला सांगणारा बाण, एका रेषेच्या पुढे जाऊ नका अशी सूचना, हे सगळं विनाकारण ठेवा. लोक पाळतात की नाही, पाळताना एकमेकांकडे कसे बघतात, ते रोज वहीत नोंदवत जा आणि शेवटच्या दोन दिवसांत त्या नोंदी नावांशिवाय भिंतीवर लावा. परीक्षकांनाही त्याच रेषेमागे उभं राहू द्या. तीन सूचना पुरेत. दहा लावल्या तर लोक खेळ ओळखतील.

शाळेत लावण्याबद्दल. लावता येईल, आणि मला वाटतं तिथेच ते खरं कसाला लागेल. मुख्याध्यापकांना भेटताना ‘शाळेवर टीका’ एवढंच सांगून परत येऊ नका आणि हेतू लपवूनही परवानगी घेऊ नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी घातली आहे, त्यामुळे या विषयावर बोलायला शाळेलाही आधार आहे. कायद्याच्या कक्षेतल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात बहुसंख्य पालक असतात. पत्र मुख्याध्यापकांबरोबर त्या समितीलाही द्या. शिक्षकांना उद्घाटनाच्या आधी एकदा एकटं पाहू द्या. पन्नास-साठ मुलांचा वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या बाईंनाही वरून हुकूम येत असतात, परिपत्रकं येत असतात, माहिती आजच्या आज भरा असे निरोप येत असतात. त्यांनी मनातलं काही लिहून दिलं तर त्यासाठी भिंतीवर जागा मोकळी ठेवा. मुलांना आत सोडताना रांग लावू नका, आणि शाळेने लावलीच तर तीही वहीत नोंदवा.